खडे निवडण्याचा तास

माझी सारी नोकरी अंगणवाडी प्रकल्पात, शेवटची बरीच वर्षे मुख्यसेविका म्हणून गेली, त्यामुळे ‘गृहभेट’ हा शब्द माझ्या तोंडी भाजी-भाकरीइतका रुळलेला होता. घरी जायचे, गरोदर बाईची चौकशी करायची, बाळाचे वजन-उंची पाहायची, पोषण आहार मिळाला का ते विचारायचे, नोंदवहीत ‘गृहभेट झाली’ असा शेरा मारून पुढच्या घराकडे वळायचे, असा तो क्रम होता आणि त्यात काही चुकते आहे असे मला कधी वाटले नाही. निवृत्तीनंतर लेकीकडे, टेक्सासमधील सान अँटोनियो येथे, पाच महिने राहण्याचा योग आला. तिथे तिच्या शेजारच्या घरी दर मंगळवारी होणारी एक निराळीच गृहभेट मी पाहिली. नाशिकला परतून आता वर्ष होत आले, तरी ती मनातून जात नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

सान अँटोनियोत निम्म्याहून अधिक वस्ती हिस्पॅनिक लोकांची आहे. टेक्सास हा मुलूखच मुळी १८३६ पर्यंत मेक्सिकोचा भाग होता, त्यामुळे तिथे स्पॅनिश ही पाहुणी भाषा नव्हे, इंग्रजीच्याही आधीपासून नांदणारी घरची भाषा आहे. लेकीची शेजारीण मेक्सिकोतून आलेली, हॉटेलात खोल्या साफ करण्याच्या कामाला जाणारी. नवरा घरांची छपरे घालण्याच्या कामावर. आणि चार वर्षांची एक मुलगी. माझी नात त्या मुलीशी खेळायला जाई आणि नातीच्या मागे मी जाई. मला स्पॅनिश येत नव्हते, तिचे इंग्रजी माझ्यासारखेच कामापुरते होते, पण स्वयंपाकघरात बसलेल्या दोन बायकांना भाषा फारशी आडवी येत नाही.

पहिल्या मंगळवारी मी गेले तेव्हा ती टेबलावर घेवडा पसरून निवडत होती. त्याला तिथे पिंटो म्हणतात. ठिपक्याठिपक्यांचा, आपल्या राजम्याचा धाकटा भाऊ शोभेल असा. बोटांनी दाणे एका बाजूला ओढायचे, खडा आणि सुरकुतलेला दाणा दुसऱ्या बाजूला. अगदी आपण ताटात तूरडाळ निवडतो तसे. मीही न सांगता निवडू लागले. तेवढ्यात दार वाजले आणि चाळिशीची एक बाई खांद्याला कापडी पिशवी अडकवून आत आली. तीच ती घरी येणारी शिक्षिका. शेजारणीने टेबल आवरायला घेतले तर त्या बाईने तिचा हात धरून थांबवले आणि स्वतःच खुर्ची ओढून घेवडा निवडायला बसली.

त्यानंतरचा पाऊण तास मी पाहत राहिले. दोन्ही मुली टेबलाखाली चादरीचे घर करून बसल्या होत्या आणि त्या शिक्षिकेने मुलीला एकही प्रश्न विचारला नाही. तिने आईला सांगितले, आज मी तुझी मुलगी आणि तू माझी आई. मग ती खरोखरच मुलीसारखी बोलू लागली. ‘उनो, दोस, त्रेस’ असे खडे मोजता मोजता तिने मुद्दाम एक आकडा गाळला. शेजारीण पटकन म्हणाली, चूक! त्यावर शिक्षिकेने काहीच न बोलता खडा मुठीत लपवला आणि मान खाली घातली. शेजारीण आधी हसली, मग क्षणभर थबकली. तिने टेबलाखाली स्वतःच्या मुलीकडे एक नजर टाकली आणि पुन्हा, या वेळी हळू आवाजात, म्हणाली, ‘चल, दोघी मिळून परत मोजू या.’ शिक्षिकेने मूठ उघडली. शिकवण्याचे एवढेच शिकवायचे होते, आणि ते कोणीही शब्दांत सांगितले नाही. त्यानंतर पिशवीतून एक चित्रांचे पुस्तक निघाले, त्यावर प्रश्न कसे विचारायचे याची अशीच रंगीत तालीम झाली, आणि रोज पंधरा-वीस मिनिटे आईने मुलीसोबत करायच्या आठवड्याच्या कामाची पाने तिथे राहिली.

नंतर त्या बाईशी इंग्रजीत बोलणे झाले तेव्हा कळले की ती स्वतः काही वर्षांपूर्वी अशाच कार्यक्रमात आई म्हणून होती, तिची मुले मोठी झाली आणि ती शिक्षिका झाली. ही पद्धत तिच्या एकटीची नव्हे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात आविमा लोंबार्ड यांनी १९६९ मध्ये, बाहेरच्या देशांतून येऊन स्थायिक झालेल्या, फारसे शिक्षण न मिळालेल्या कुटुंबांसाठी ‘हिप्पी’ हा कार्यक्रम सुरू केला. त्याचा गाभा हाच, की शिकवायचे मुलाला असले तरी धडा आईला द्यायचा. आई आणि भेट देणारी बाई यांनी भूमिका बदलून तालीम करायची. आणि भेट देणारी बाई त्याच वस्तीतली, शक्यतो त्याच कार्यक्रमातून वर आलेली असायची. (नाव ऐकून मलाही केस वाढवलेली मुलेच आठवली होती, ती इंग्रजी आद्याक्षरांची करामत आहे.) १९८० च्या दशकात तो अमेरिकेत गेला, आर्कान्सासमध्ये राज्यपालांच्या पत्नी असलेल्या हिलरी क्लिंटन यांनी त्याला बळ दिले, आणि तिथे तो इंग्रजीबरोबर स्पॅनिशमध्येही चालतो. खुद्द टेक्सासमध्ये १९७३ पासून ‘आवान्से’ नावाची संस्था मेक्सिकन वंशाच्या आईबापांसोबत काम करते. सान अँटोनियोत ती ग्लोरिया रॉड्रिगेझ यांनी उभी केली. त्या आधी पहिलीच्या वर्गाच्या शिक्षिका होत्या. तिथे आया एकत्र बसून घरातल्या वस्तूंची खेळणी स्वतः शिवतात आणि बनवतात, आणि मग त्या खेळण्याने मूल काय शिकेल यावर बोलतात. क्युबात तर १९९२ पासून ‘एदुका आ तु इखो’, म्हणजे ‘आपल्या मुलाला घडवा’, या नावाने शाळेबाहेरच्या लहान मुलांसाठी देशभर घराघरातूनच काम चालते.

‘एदुका’ या शब्दाशी मी बराच वेळ अडकले होते. शेजारीण एकदा आपल्या मुलीबद्दल ‘बिएन एदुकादा’ म्हणाली तेव्हा मला वाटले की पोर हुशार आहे, शिकलेली आहे असे ती म्हणते आहे; पण तिला म्हणायचे होते की मुलगी वळणाची आहे, मोठ्यांशी अदबीने वागते. स्पॅनिशमध्ये ‘एदुकासिओन’ या एकाच शब्दात शिक्षण आणि वळण दोन्ही सामावतात. त्यामुळे त्या आयांना ‘तुम्ही मुलांच्या पहिल्या शिक्षिका’ असे सांगण्यासाठी भाषण द्यावे लागत नाही. ते काम आपलेच आहे हे त्यांच्या शब्दातच आहे. अडचण असते ती निराळी. मूल वळणाचे असावे, म्हणजे मोठे बोलत असताना त्याने गप्प बसावे, अशी समजूत तिथेही आपल्याइतकीच पक्की आहे, आणि पुस्तकासमोर बसवून ‘तुला काय वाटते?’ असे चार वर्षांच्या मुलीला विचारणे हे शेजारणीला सुरुवातीला चक्क आगाऊपणा शिकवण्यासारखे वाटत होते. त्या शिक्षिकेने यावर वाद घातला नाही. तिने म्हणींचा आधार घेतला. तिकडे त्यांना ‘दिचोस’ म्हणतात आणि प्रत्येक आजीजवळ त्यांचा साठा असतो. एक म्हण अर्धी म्हणायची आणि उरलेली मुलीला पुरी करू द्यायची; मग हळूच विचारायचे, असे का म्हणत असतील गं? अदब राहिली आणि प्रश्नही विचारला गेला.

एका मंगळवारी शेजारणीने विचारले, की शाळेत सगळे इंग्रजीत असणार, मग मी घरी इंग्रजी बोलू का? तिच्या ओळखीच्या कोणीतरी तिला तसे ठासून सांगितले होते. शिक्षिकेचे उत्तर सरळ होते. तुझे इंग्रजी दोनशे शब्दांचे आणि स्पॅनिश सगळ्या आयुष्याचे. मुलीला त्यातले कोणते द्यायचे ते तूच ठरव. आई मोडक्या भाषेत बोलू लागली की वाक्ये आखूड होतात, गोष्टी संपतात, रागावणे आणि ‘हे कर, ते नको’ एवढेच उरते, हे मी नाशिकमध्ये शेकडो घरांत पाहिले होते. पण त्याला असे नाव कधी दिले नव्हते. शिवाय ज्या मुलाला एका भाषेत मोजणे, उलटे-सुलटे, आधी-नंतर, यमक आणि अक्षर-आवाजाचे नाते कळते, त्याला ते दुसऱ्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागत नाही, फक्त नवे शब्द लागतात. स्पॅनिशच्या बाबतीत तर हे फारच सोपे आहे, कारण तिचे स्वर पाच आणि लिहिल्याप्रमाणे वाचायचे. शेजारणीच्या मुलीच्या वहीत ‘मा, मे, मी, मो, मू’ अशी ओळ पाहिली तेव्हा मी मोठ्याने हसले, कारण ती आपली बाराखडीच होती. मी कागदावर म, मा, मि, मी काढून दाखवले आणि त्या पोरीने ते दोन मिनिटांत चालीवर म्हटले.

मात्र हे सगळे नीट तेव्हाच चालते जेव्हा साहित्य मुळातच स्पॅनिशमध्ये विचार करून केलेले असते. इंग्रजीतून उचलून भाषांतर केलेले तक्ते मी तिथे पाहिले आणि मला आमच्या कार्यालयातल्या काही तक्त्यांची आठवण झाली. इंग्रजीत ‘ए’ या अक्षरासमोर सफरचंद असते; स्पॅनिशमध्ये सफरचंदाला ‘मान्साना’ म्हणतात. चित्र तेच ठेवून शब्द तेवढा बदलला की अक्षर आणि आवाज यांची फारकत होते आणि मूल गोंधळते. तिथे ‘आबेखा’, म्हणजे मधमाशी, हवी. चित्र बदलायला पैसे लागतात, शब्द बदलायला लागत नाहीत, एवढाच त्यामागचा हिशेब असावा.

त्या आयांच्या मनातली भीती काही आज-कालची नव्हे. टेक्सासमध्ये १९१८ च्या कायद्याने शाळांत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत शिकवणे गुन्हा ठरवले होते, आणि स्पॅनिश बोलले म्हणून मुलांना शिक्षा होत. पश्चिम टेक्सासमधील मार्फा गावी ब्लॅकवेल नावाची मेक्सिकन वंशाच्या मुलांची वेगळी शाळा होती. तिथे १९५४ मध्ये मुलांकडून ‘मी स्पॅनिश बोलणार नाही’ असे चिठ्ठ्यांवर लिहून घेतले, त्या चिठ्ठ्या पेटीत घालून शाळेच्या आवारात ‘मिस्टर स्पॅनिश’चे दफन केले. ती इमारत आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जतन झाली आहे. ज्यांनी त्या चिठ्ठ्या लिहिल्या ती मुले आज आजी-आजोबा आहेत. द्वैभाषिक शिक्षणाचा केंद्रीय कायदा १९६८ मध्ये आला खरा. पण भीती कायद्याच्या मागून सावकाश जाते. वकील किंवा अधिकारी येऊन ‘घरी स्पॅनिश बोला’ म्हणाला तर कोणी विश्वास ठेवणार नाही. तीच गोष्ट स्वतः ते सोसलेली, शेजारच्या रस्त्यावर राहणारी बाई सांगते तेव्हा दार उघडते. दार उघडणे हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. देशात राहण्याच्या कागदपत्रांच्या काळजीने ज्या घरात अनोळखी माणसाच्या ठोक्याला कोणी उत्तर देत नाही, तिथे कोण ठोकते आहे यावर सारे अवलंबून असते.

हे सगळे ऐकताना मला सिडकोतली एक अंगणवाडी आठवत होती. आमच्या भागात अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत कामाला असलेली अनेक कुटुंबे बागलाण, कळवण, मालेगाव आणि पार धुळ्याकडून आलेली आहेत, आणि त्यांच्या घरात अहिराणी बोलतात. अहिराणीत आपल्या ‘ळ’चा ‘य’ होतो. काळा म्हणजे ‘काया’, पिवळा म्हणजे ‘पिवया’, डाळ म्हणजे ‘दाय’. बालकांच्या नोंदी तपासताना मी एका चार वर्षांच्या मुलाला रंगांची कार्डे दाखवली होती. त्याने काळ्याला काया म्हटले, पिवळ्याला पिवया म्हटले, निळ्याला निया म्हटले. मी सेविकेला सांगून त्याच्या नावासमोर लिहायला लावले, ‘रंग ओळखता येत नाहीत, उच्चार अस्पष्ट’. त्याला तिन्ही रंग येत होते. त्याची आई दारात उभी होती, आणि मी तिला, चांगल्या हेतूनेच, म्हटले होते, ‘घरी जरा शुद्ध बोलत जा गं, म्हणजे पोराला सवय लागेल.’ ती ‘हो मॅडम’ म्हणाली. पुढच्या भेटीत ती मुलाशी माझ्यादेखत काहीच बोलली नाही.

अमेरिकेत स्पॅनिशभाषक मुलांची फक्त इंग्रजीत चाचणी घेऊन ‘शब्दसंग्रह कमी’ असा शिक्का मारण्याची चूक वर्षानुवर्षे झाली, आणि आता जाणकार सांगतात की अशा मुलाचे दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजा, तेव्हा खरे चित्र दिसते. ते ऐकले त्या रात्री मला झोप लागली नाही. ती नोंद मी केली त्याला बावीस वर्षे झाली असतील. पोर आता कुठल्यातरी कंपनीत लागलेही असेल.

खरे तर हे आपल्याला बाहेरून शिकायला नको होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला जे काम केले त्याचे सारच हे होते, की मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, आणि गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवावी. अंगणवाडी या शब्दातले अंगण तिथून आले आहे. १९७५ मध्ये एकात्मिक बाल विकास योजना आली, केंद्रे वाढली, आहार, लसीकरण, वजन यांचे मोठे आणि गरजेचे काम उभे राहिले, आणि त्या ओझ्याखाली गृहभेट ही शिकण्याची नव्हे, तपासणीची गोष्ट होऊन बसली. सेविकांना दोष देण्यात अर्थ नाही. एका हातात वजनकाटा आणि दुसऱ्या हातात मोबाइलवरचे ‘पोषण ट्रॅकर’ असताना त्यांनी खडे कधी निवडायचे? २०२४ मध्ये केंद्राने शून्य ते तीन वर्षांसाठी ‘नवचेतना’ आणि तीन ते सहा वर्षांसाठी ‘आधारशिला’ असे आराखडे काढले आहेत. त्यांत घरातल्या खेळांना आणि पालकांना जागा आहे. कागदावर ते चांगले आहे. आईच्या बोलीला प्रत्यक्षात किती जागा मिळते ते भेट देणाऱ्या बाईवर ठरेल.

परत आल्यावर मी कोणतीही संस्था काढली नाही. आमच्या गल्लीच्या मागच्या बाजूला तीन घरे आहेत, तिथे मी मंगळवारीच जाते. पहिल्या महिन्यात सगळेच फसले, कारण माझ्या पोटात मुख्यसेविका अजून जिवंत होती. मी बसले की आया पदर सावरत आणि पोरांना हातपाय धुवायला पाठवत. शेवटी सटाण्याकडच्या एका तरुण सुनेला मी म्हटले, ‘बाई, मला अहिराणी येत नाही, तूच शिकव.’ तिला ते खरे वाटेना. मग ती ताटात दाय घेऊन बसली आणि पोराला हाक मारली, ‘आठे ये.’ मी एक खडा उचलून मुलासारखे विचारले, ‘हाई काय शे?’ माझा उच्चार ऐकून सासूबाई आतून हसत बाहेर आल्या, आणि त्यानंतर तास माझ्या हातात राहिला नाही. खडे, काया दाणा, पिवया दाणा, लहान, मोठा, किती, अजून किती. सगळे त्या दोघीच विचारत होत्या आणि पोरगा उत्तरे देत होता. मराठी शब्दही मध्येच येत होते. त्याला दोन्ही कळत होते. मलाच एकावेळी एक कळत होते.

अडचणी पुष्कळ आहेत आणि त्या लपवण्यात मला रस नाही. घर एका खोलीचे, नवरा रात्रपाळी करून झोपलेला, त्यामुळे मोठ्याने मोजता येत नाही. म्हणून आता आम्ही ओट्यावर बसतो. दुसऱ्या घरातली आई मुलाला इंग्रजी माध्यमात घालणार आहे आणि ‘ॲपल’ आधी शिकवा असा तिचा आग्रह आहे. तिची चिंता खोटी नाही, फी तिला भरायची आहे. मी तिला बाराखडीचा आणि ‘मा, मे, मी’चा किस्सा सांगितला, ती ऐकून घेते, पण अजून पटलेले नाही. शिवाय अशा कार्यक्रमांनी सगळे ओझे पुन्हा आईच्याच डोक्यावर टाकले, बाप मोकळा राहिला, ही टीका तिकडेही होते आणि ती बरोबर आहे. भेटींचे परिणाम सगळीकडे सारखे दिसत नाहीत, भेटी चुकल्या की ते लवकर ओसरतात. आणि हॉटेलातल्या खोल्या झाडून आलेल्या बाईला रोजची वीस मिनिटे कुठून आणायची, याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नसते. सान अँटोनियोच्या त्या शिक्षिकेने ते दिलेच नव्हते. तिने फक्त घेवडा आवरू दिला नव्हता.

परवा लेकीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी ओट्यावरच होते. नातीने पडद्यावर ताट पाहिले आणि विचारले, ‘आजी, फ्रिहोलेस?’ म्हणजे तिकडचा तो घेवडा. सटाण्याच्या सूनबाईने ताट कॅमेऱ्यासमोर धरले आणि तिला सांगितले, ‘नही वं, दाय शे.’ नातीने ‘दाय’ म्हणून पाहिले, मग शेजारच्या मैत्रिणीला बोलावले, आणि दोघी तिकडून मोजू लागल्या. दिसणारे खडे पाच होते. त्यांचे कधी चार होत, कधी सहा. सासूबाई म्हणाल्या, ‘ऱ्हाऊ द्या, परत मोजतीन.’